टाळेबंदीतलं टाळं

रविवारी सकाळी आत्याचा फोन येतो. म्हणजे आमच्या न्यू जर्सीत सकाळ, पुण्यात संध्याकाळ. तब्येत, पाऊस, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, हे सगळं रीतसर झाल्यावर परवा ती एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "काय रे, तू म्हणे तिजोऱ्या फोडायला शिकलायस?"

मी म्हटलं, "अगं आत्या, फोडायला नाही, उघडायला."

"किल्ली नसताना?"

"त्याला किल्ली नसतेच. आकडे असतात."

"मग आकडे माहीत नसताना?"

"हो."

"म्हणजे फोडायलाच की! आणि आता पोरालाही शिकवतोयस म्हणे. आपल्या घरात हे नव्हतं हो कधी."

बातमी कुणी पोचवली ते मला माहीत आहे (आणि ती व्यक्ती हे वाचणार हेही माहीत आहे). पण आत्याचा शब्द डोक्यात राहिला. आपल्या भाषेत कुलूप एक तर किल्लीनं उघडतं, नाही तर फोडतात. मधली पायरीच नाही. काही न तोडता, न वाकवता, नुसतं धीरानं बसून कुलपाकडूनच त्याचे आकडे काढून घेणं, याला आपल्याकडे बरा शब्द नाही. या छंदाविषयी लिहीन लिहीन म्हणत होतो, आत्यानं मुहूर्त काढून दिला.

तर सुरुवात २०२० सालची. ऑफिस घरात आलेलं, शाळा घरात आलेली, सगळे एकमेकांच्या पायात. कुणी भाकऱ्या शिकलं, कुणी केक, कुणी गिटार. मी टाळेबंदीत टाळं उघडायला शिकलो. एक जुनं आकड्यांचं कुलूप विकत घेतलं. तिजोरी नव्हे, नुसतं कुलूप, लाकडी फळीवर बसवलेलं. पुढे शून्य ते नव्व्याण्णव आकड्यांची गोल डायल आणि मागे पितळी चकत्यांची चळत. फळीवर बसवलेलं असल्यामुळे ते उघडलं तरी आत काहीही नसतं. हिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "उघडून मिळणार काय?" प्रश्न बिनतोड होता.

आता ते चालतं कसं ते सांगतो. सिनेमात चोर कानाला स्टेथोस्कोप लावतो, कुठेतरी 'टक्' वाजतं आणि दार उघडतं. ते विसरा. आत तीन चकत्या असतात, प्रत्येकीच्या कडेला एकेक खाच. त्यांच्या वर एक आडवी पट्टी अधांतरी असते. तिन्ही खाचा नेमक्या त्या पट्टीखाली आल्या की पट्टी खाली बसते, तिच्याबरोबर एक तरफ खाली येते, तरफेचं नाक डायलला जोडलेल्या चौथ्या चकतीच्या खाचेत अडकतं आणि डायल फिरवली की अडसर मागे सरकतो. तीन आकडे, प्रत्येकाला शंभर शक्यता, म्हणजे कागदावर दहा लाख जुळण्या. एकेक जुळणी लावून बघायची म्हटली तर जन्म पुरायचा नाही.

पण माणसानं बनवलेल्या तीन चकत्या कधीच अगदी सारख्या नसतात. केसाएवढा का होईना, फरक असतोच. त्यामुळे ती पट्टी तिन्ही चकत्यांवर एकदम टेकत नाही, जी सगळ्यात उंच तिच्यावर टेकते. आणि त्या उंच चकतीची खाच पट्टीखाली आली की पट्टी किंचित, अगदी किंचित खाली उतरते. ते बाहेरून दिसत नाही. पण चौथ्या चकतीची खाच वर रुंद आणि खाली निमुळती असते. नाक जितकं खाली उतरेल तितकं ते खाचेच्या डाव्या आणि उजव्या कडेला जवळजवळच्या आकड्यांवर टेकतं. ते टेकणं डायल हळूच फिरवताना बोटांना कळतं. मग तो आकडा वाचायचा, पण नुसता 'बारा' असा नाही, तर 'बारा आणि एक अष्टमांश' असा. हे डोळ्यांनी अंदाजानं.

तेव्हा काम असं चालतं. चकत्या एका आकड्यावर आणायच्या, डावी कड वाचायची, उजवी कड वाचायची, वहीत लिहायचं. अडीच आकडे पुढे जायचं, पुन्हा तेच. एका फेरीत अशा चाळीस नोंदी. मग आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे आणि दोन्ही रेषा जिथे एकमेकींकडे झुकतात तिथे पेन्सिलीनं गोल करायचा. इथे कुठल्या तरी चकतीची खाच आहे. कुठल्या, ते शोधायला वेगळ्या चाचण्या. ती सापडली की तिला जागेवर ठेवून दुसरीसाठी पुन्हा पहिल्यापासून. लागतं काय, तर पेन्सिल, आलेखाचा कागद, बरा चष्मा आणि शांत घर. यातलं शेवटचं आमच्याकडे रात्री अकरानंतरच मिळायचं.

पहिले पाच आठवडे काहीही झालं नाही. माझे आलेख म्हणजे सह्याद्रीची रांग. जिथे तिथे शिखर आणि जिथे तिथे दरी. मग लक्षात आलं, कुलूप तेच आहे, हात रोज वेगळा आहे. कधी डायल जोरात दाबली जायची, कधी मान वाकडी असायची आणि आकडा तिरका वाचला जायचा. कधी मला जिथे दरी हवी असायची तिथेच ती दिसायची. हे शेवटचं फार वाईट. तेव्हापासून मी आधी सगळे आकडे लिहायला लागलो आणि आलेख दुसऱ्या दिवशी काढायला लागलो. सहाव्या आठवड्यात एका रात्री दीड वाजता तो अडसर मागे सरकला. आवाज तसा काहीच नाही, पण मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सांगायला कुणी जागं नव्हतं. मग बंद करून पुन्हा उघडलं आणि झोपलो.

आता मुद्द्याकडे. "हे शिकायचंच कशाला?" या आत्याच्या प्रश्नाला माझ्याकडे बरीच वर्षं एक ठरलेलं उत्तर होतं आणि ते मला अजूनही बरोबर वाटतं. १८५१ साली लंडनमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. त्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला तिथे गेला आणि ज्यांच्याविषयी इंग्रज छातीठोकपणे बोलत अशी दोन कुलपं त्यानं न मोडता उघडली. चब यांचं कुलूप त्यानं अर्ध्या तासाच्या आत उघडलं. ब्रामा कंपनीचं कुलूप तर साठेक वर्षं त्यांच्या दुकानाच्या काचेत आव्हान म्हणून टांगलेलं होतं, उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. त्याला सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले. केवढा गहजब झाला! असल्या गोष्टी उघड बोलाव्यात का, चोरांना आयतं शिक्षण मिळेल, वगैरे. त्यावर हॉब्जच्या बाजूचं म्हणणं साधं होतं. चोरांना हे आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्या सभ्य माणसाला. आणि झालं काय? कुलपं सुधारली. आज आकड्यांच्या चांगल्या कुलपांची प्रतवारीच आहे. अमेरिकेतल्या मानकात वरच्या गटाच्या कुलपानं जाणत्या माणसाच्या अशा प्रयत्नांना वीस तास दाद देता कामा नये, अशी अट आहे. कुणीतरी रात्र रात्र जागून उघडत बसल्याशिवाय हे वीस तास आले नसते.

दुसरं उदाहरण रिचर्ड फाइनमन यांचं. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बचं काम चालू असताना हा माणूस सहकाऱ्यांची कागदपत्रांची कपाटं उघडत बसायचा. त्यानं शोधून काढलं की ती कुलपं दोन आकडे इकडेतिकडे चालवून घेतात, म्हणजे शंभराऐवजी दर पाचवा आकडा बघितला तरी पुरतं. दहा लाखांच्या झाल्या आठ हजार. आणि कपाट उघडं असलं की चकत्यांवरून शेवटचे दोन आकडे कळतात. मग उरले वीस प्रयत्न! एका अधिकाऱ्याला त्यानं हे दाखवलं आणि सांगितलं, काम करताना कपाटं उघडी ठेवू नका. अधिकाऱ्यानं काय करावं? पत्रक काढलं, की फाइनमन ज्यांच्या ज्यांच्या खोलीत येऊन गेला असेल त्यांनी आपले आकडे बदलावेत. म्हणजे दोष कपाटात नाही, फाइनमनमध्ये! 'शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन' या पुस्तकात त्यानं हा किस्सा स्वतःच सांगितला आहे. मी तो पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवलाय की हिनं आता मोजणं सोडलंय. आत्या त्या अधिकाऱ्याच्या पंथातली, असं मी मनात म्हणायचो.

शिवाय हा छंद करणाऱ्या मंडळींचे दोन नियम आहेत आणि ते सगळे पाळतात. जे कुलूप आपलं नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आणि जे रोजच्या वापरात आहे, ज्यावर कुणाची भिस्त आहे, त्याच्याशी खेळायचं नाही. दोन नियम, स्वच्छ आणि सोपे. मला वाटायचं, एवढं पाळलं की माणूस चोर होत नाही.

२०२३ साली मात्र एक गोष्ट झाली. ती आजवर इथे लिहिली नव्हती. आता लिहितोय ते दोघांना विचारून. वहिनींना आधी विचारलं. नावं देत नाही आणि ओळखणाऱ्यांनीही कृपया देऊ नयेत.

माझ्या एका जुन्या मित्राच्या घरी तळघरात तिजोरी आहे. आणली त्यानं, पण आकडे बसवले वहिनींनी, कारण कागदपत्रं, पासपोर्ट, दागिने हे सगळं बघतात त्याच. त्यानं एकदा आकडे लिहून घेतले होते, तो कागद हरवला. त्या उन्हाळ्यात वहिनींची आई आजारी म्हणून त्या सांगलीला गेल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी मित्राचा फोन. त्यानं जुनी गाडी विकायला काढली होती, रविवारी सकाळी गिऱ्हाईक येणार होतं, आणि मालकीचा कागद तिजोरीत. मी म्हटलं, वहिनींना फोन कर. तो म्हणाला, "अरे, तिकडे पहाटेचे चार वाजलेत. हॉस्पिटलातून येऊन आत्ता कुठे डोळा लागला असेल तिचा. तू ये ना. एवढं शिकलायस कशाला?"

मालकाची परवानगी होती. मालक स्वतः कॉफी करून देत होता. दुसऱ्या नियमाचं काय, हे माझ्या मनातच आलं नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या तिजोरीसमोर बसायला मिळणार होतं. खोटं कशाला बोलू, मी वही-पेन्सिल घेऊन धावत गेलो.

साडेसहाला बसलो. साडेदहाला उघडली. चार तास. माझ्यासाठी तो विक्रमच होता. आकडे मोठ्यानं म्हणून दाखवले. पहिला तिसाच्या आत, दुसरा बाराच्या आत, तिसरा चाळिशीतला. मित्राला त्यांचा काही अर्थ लागला नाही. मलाही नाही. आम्ही टाळ्या दिल्या एकमेकांना.

गाडीचा कागद वरच्याच कप्प्यात होता. पण कागद शोधताना माणूस एकच कागद थोडाच बघतो? खाली रबर लावलेला एक गठ्ठा होता, पैसे पाठवल्याच्या पावत्यांचा. वहिनी आठ वर्षं आपल्या पगारातून भावाला पैसे पाठवत होत्या. त्याचं दुकान बुडालं होतं, ते घरात कुणाला सांगायचं नव्हतं. मित्र ओरडला वगैरे नाही. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि पावत्यांची बेरीज करायला लागला. मी माझी वही उचलली आणि घरी आलो.

गाडी चालवताना एक हिशेब डोक्यात आला आणि तो अजून गेलेला नाही. साडेसहा ते साडेदहा, चार तास. म्हणजे आम्ही थांबलो असतो, तर सांगलीत सकाळचे आठ वाजले असते. वहिनी उठून चहा घेत असत्या. एक फोन पुरला असता.

पुढे त्यांच्या घरात जे झालं ते त्यांचं. बरेच महिने कठीण गेले, आता ठीक आहे, एवढंच सांगतो. वहिनी परत आल्यावर मी भेटायला गेलो आणि चुकलो असं म्हटलं. मी म्हटलं, "पण वहिनी, तिजोरी त्याचीही होती, त्यानंच बोलावलं." त्या जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तिजोरी त्यांची होती हो भावजी. आकडे माझे होते."

आणि ते आकडे म्हणजे त्यांच्या आईची जन्मतारीख. दिवस, महिना, साल. नवऱ्याला सासूची जन्मतारीख ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर मला बोलावावंच लागलं नसतं.

'मृच्छकटिका'तला शर्विलक आठवतोय? चारुदत्ताच्या घराला भोक पाडणारा. चोरीचं शास्त्र जाणणारा पक्का कारागीर. मापाची दोरी विसरला म्हणून जानव्यानंच माप घेतो. भिंतीला भोक कुठलं शोभेल याचा विचार करतो, म्हणजे कलेची केवढी बूज! आणि इतकं सगळं करून जो ऐवज उचलतो, तो ज्याच्या घरातून उचलला त्याचा नसतोच. वसंतसेनेची ठेव असते ती. घर एकाचं, ठेव दुसरीची. कारागिरीच्या नादात शर्विलकाला तो प्रश्न पडला नाही. मलाही पडला नव्हता. त्या रात्री माझं सगळं लक्ष उजव्या कडेच्या अष्टमांशावर होतं.

म्हणून माझं आजचं मत असं आहे. हा छंद वाईट नाही. मी तो सोडलेला नाही आणि सोडणार नाही. ज्ञान लपवून कुणी सुरक्षित होत नाही, हे हॉब्जच्या वेळी खरं होतं आणि आजही खरं आहे. कुलूप उघडता येणं म्हणजे चोर असणं नव्हे, हेही खरं. पण आत्याला जी भीती वाटते ती अगदीच पोकळ नाही, फक्त ती चुकीच्या जागी बोट ठेवते. मी रात्री कुणाच्या घरात शिरेन ही भीती खोटी. आपल्याला जमतं म्हणून आपण विचारायचं विसरू, ही भीती खरी. आणि हे कुलपापुरतं नाही. ऑफिसात दुसऱ्याच्या फाइली बघता येतात म्हणून बघणारे, मुलांचे फोन उघडता येतात म्हणून उघडणारे, नवराबायकोत "आपल्यात कसलं आलंय लपवाछपवी" म्हणणारे आपण सगळे, बहुतेक वेळा कायद्यानं बरोबरच असतो. मालकी असते, हक्क असतो, घाईही असते. फक्त एक फोन करायचा राहतो.

आता मुलाविषयी. तो तेरा वर्षांचा आहे आणि माझ्या टेबलाशी येऊन बसतो. मी त्याला शिकवतोय, हे आत्याला मिळालेलं वृत्त खरं आहे. त्याची बोटं माझ्यापेक्षा हलकी आहेत, डोळे तर आहेतच. आत्तापर्यंत त्याचेही आलेख सह्याद्रीसारखेच येतात आणि तो वैतागतो, ते बघून मला जरा बरं वाटतं. पहिल्या दिवशी मी त्याला ते दोन नियम सांगितले. तिसरा नियम म्हणून ही वरची गोष्ट सांगितली, नावं वगळून. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या ड्रॉवरचं कुलूपसुद्धा?"

मी म्हटलं, "हो. तुझ्या ड्रॉवरचंसुद्धा."

हे कबूल करून बसलोय खरा. येत्या चार-पाच वर्षांत ते पाळायला किती जड जाणार आहे, याचा अंदाज आत्ताच येतोय. तीन चकत्यांचं कुलूप त्या मानानं सोपं.

असो. परवाच्या फोनच्या शेवटी आत्या म्हणाली, "बरं, ते जाऊ दे. माझ्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली महिनाभर सापडत नाहीये. डिसेंबरात येतोस ना, तेव्हा जरा बघ."

मी म्हटलं, "आत्या, मला आकड्यांचं येतं, किल्लीचं नाही येत."

"मग शिकून ये की! आणि हे बघ, उघडलंस की बाजूला व्हायचं. आतलं माझं मी बघीन."

तिला माझ्या तिसऱ्या नियमाची काही गरजच नाही.